आईचा आवाज, बाळाचा आवाज

पहिल्या भेटीत आजी मला ‘आशे’ म्हणाल्या, तेव्हा क्षणभर वाटलं की त्या मराठीच बोलतायत. आमच्या विदर्भात ‘असे’ला ‘अशे’ म्हणणारी माणसं माझ्या लहानपणी घरोघर होती. लंडनजवळ स्लाऊमधल्या एका टेरेस्ड, भिंतीला भिंत लागलेल्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीलगतच्या उंच पाठीच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या. अंगावर गर्द निळं, हातानं रंगवलेलं कापड, डोक्याला त्याच कापडाचा उंच बांधलेला फेटा, आणि उजवा हात मांडीवरच्या उशीवर, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा. मी माझं नाव सांगितलं, कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “आशे.”

मी स्पीच थेरपिस्ट आहे. नागपुरात वाढले, मुंबईत शिकले, आणि आता बरीच वर्षं हाउन्सलोला राहून आसपासच्या भागात पेशंटच्या घरी जाते. स्ट्रोकनंतर ज्यांची वाचा जाते त्यांच्याबरोबर बसायचं, हे माझं काम. वाचा गेली म्हणजे अक्कल गेली असं नाही, हे नातेवाइकांना समजावण्यातच अर्धा वेळ जातो. माणसाला सगळं कळत असतं. कप दिसतो, कप हवा असतो, पण ‘कप’ हा शब्द काही केल्या तोंडात येत नाही. काहींच्या तोंडी एकच शब्द उरतो आणि बाकी सगळ्या शब्दांच्या जागी तोच येत राहतो. माझ्या एका पेशंटकडे ‘ट्यूजडे’ तेवढा उरला होता. दुसऱ्या एका गृहस्थांकडे एक शिवी उरली होती, आणि ते बिचारे घराबाहेर पडेनासे झाले होते.

या आजींकडे ‘आशे’ उरला होता.

आजी नायजेरियातल्या, योरुबा. इबादानच्या मोठ्या बाजारात त्यांचा कापडाचा व्यापार होता, आणि तिथल्या सगळ्या व्यापारी बायकांनी त्यांना आपली प्रमुख केलं होतं. त्या पदाच्या नावाचा अर्थच ‘बाजाराची आई’ असा होतो. नवरा गेल्यावर त्या मुलीकडे इंग्लंडला राहायला आल्या. मुलगी इथे शाळेत केमिस्ट्री शिकवते. नात पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे आली होती. तिचा नवरा ब्रिस्टलला इंजिनिअर, तो वीकएंडला यायचा. म्हणजे आपल्यासारखंच, माहेरी बाळंतपण. घरात सगळे आजींना ‘मामा’ म्हणायचे. ते काही माझ्या तोंडात बसेना. माझा मामा नागपूरला वकिली करतो आणि झुपकेदार मिशा ठेवतो. मी त्यांना सरळ ‘आजी’ म्हणायला लागले. नातीनं अर्थ विचारला, मी सांगितला, तिनं तो आजींना सांगितला. आजींनी डोळे मिटून उघडले, म्हणजे परवानगी दिली.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे चित्रांची कार्डं काढली. खुर्ची दाखवा म्हटलं, त्यांनी डाव्या हातानं दाखवली. किल्ली दाखवा, दाखवली. एकही चुकलं नाही. मग किल्लीवर बोट ठेवून विचारलं, “हे काय आहे?”

“आशे.”

“आणि हे?”

“आशे.”

मुलगी दारात उभी होती. शाळेतून नुकतीच आली होती, खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. “ती तेवढंच म्हणते,” ती म्हणाली. “चहा हवा तरी तेच, चहा नको तरी तेच.”

“पण या शब्दाला अर्थ आहे का?”

“आमेनसारखं आहे ते.”

“नाही हं मम्मी,” नात म्हणाली, “मामा तर म्हणायची की आमेन वेगळं.”

मुलीनं बॅग उतरवून टेबलाशी ठेवली. प्रश्न टाळून चालणार नाही हे शिक्षिकेला कळतंच. “आमेन म्हणजे असं होऊ दे,” ती म्हणाली. “ती एक विनंती आहे. आशे म्हणजे...” तिनं टेबलावर तळवा ठेवला. “आशे म्हणजे जे बोललं ते घडवणारी ताकद. ती माणसात असते, पाण्यात असते, झाडपाल्यात असते, शब्दात असते. सगळ्यांत सारखी नसते. बाजारात दोन बायकांचं भांडण लागलं की माझी आई दोघींचं ऐकून घ्यायची, निवाडा सांगायची, आणि शेवटी हा शब्द उच्चारायची. त्यानंतर कुणी बोलत नसे. बोलायला काही उरलेलंच नसे.”

आपल्याकडे याला वाचासिद्धी म्हणतात. बोलावं आणि तसं व्हावं. लहानपणी तोंडातून वाकडा शब्द निघाला की आई दटावायची, वास्तुपुरुष तथास्तु म्हणेल. मी आजींकडे बघितलं. आयुष्यभर साठवलेले हजारो शब्द एका सकाळी गेले होते. इंग्रजी गेलं होतं, बाजारातली भावाची बोली गेली होती, पोटच्या मुलीचं नाव गेलं होतं. आणि ज्याच्या जोरावर बाकीच्या शब्दांना वजन येतं तो एकच शब्द मागे उभा होता. घरी जाताना मी ८१ नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढे बसले आणि हाउन्सलो आलं तरी उठायचं भान नव्हतं.

काम सुरू झालं. मुलीनं एक अट घातली होती. इंग्रजी चालेल, चर्चमधली भजनं चालतील, साधी रोजची योरुबा चालेल. “पण जुनं काही नको.” जुनं म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

भजनांनी फार काही साधलं नाही. आजी चाल गुणगुणायच्या, शब्द निघायचे नाहीत. मग मी नातीकडून काही साधे योरुबा शब्द शिकून घेतले. पहिला घेतला ‘इया’. इया म्हणजे आई. आपल्या ‘आई’लाच कुणी उलटीकडून हाक मारावी तसा. मी आजींसमोर बसले आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाले, “इया.”

नात फिस्सकन हसली आणि आजीसुद्धा हसल्या. स्ट्रोकनंतर त्या पहिल्यांदा हसल्या, असं नात पुढे कितीतरी दिवस सांगत होती.

“काय चुकलं?”

“तुम्ही आई नाही म्हणालात,” नात म्हणाली. “यातना म्हणालात.”

योरुबात शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. तीच अक्षरं, सूर खालून वर चढला तर आई, खालीच राहिला तर यातना, दुःख, सजा. आजींनी डावा हात उचलला. तळवा गुडघ्याशी नेला, मग वर खांद्यापर्यंत. पुन्हा खाली, पुन्हा वर. मी त्या हाताच्या मागे मागे म्हणत गेले. “इया. इया.” चुकलं की हात खालीच थांबायचा आणि त्या डोळे मोठे करायच्या. आईपासून यातनेपर्यंतचं अंतर त्या हाताएवढंच होतं. बरोबर आलं तेव्हा त्यांनी हात खाली घेतला आणि समाधानानं म्हणाल्या, “आशे.” या वेळी तो उरलासुरला शब्द नव्हता. त्यांना तोच म्हणायचा होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी जे घडलं ते मी पुष्कळ जणांना सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी सांगताना अंगावर काटा येतो.

मुलगी शाळेत होती. नात आजींच्या पायाशी कार्पेटवर बसून बाळाचे कपडे घडी करत होती. एकदम ती थांबली. “हलतंय,” म्हणाली. ती गुडघ्यांवर उठली, आजींचा डावा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. आजींनी डोळे मिटले. वरून हीथ्रोला उतरणारं विमान गेलं.

आणि आजी बोलायला लागल्या.

आधी मला वाटलं गाणं आहे, पण ते गाणं नव्हतं. सूर चढत होते, उतरत होते, ओळीमागून ओळ येत होती, एकाही ठिकाणी अडखळ नाही. ज्या बाईला ‘किल्ली’ म्हणता येत नव्हतं ती श्वास घ्यायलाही न थांबता बोलत होती. आवाजसुद्धा वेगळा होता, भरदार, मोकळ्या जागेत दूरवर पोचवायची सवय असलेला. नात तशीच गुडघ्यांवर होती. तिला योरुबा थोडीच येते. तिला त्यातलं काही समजत नव्हतं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

याचं स्पष्टीकरण मला माहीत आहे. पाठांतर, प्रार्थना, चालीवर म्हटलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेनं चालतात. नेहमीचं बोलणं बंद पडलं तरी ती वाट उघडी राहू शकते. मी हे विद्यार्थ्यांना शिकवते. पण त्या दुपारी त्या खोलीत बसून मला ते काही सुचलं नाही. मी हात जोडले होते, हे मला नंतर नातीनं सांगितलं.

दार वाजलं. मुलगी आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिचा चेहरा उतरला.

“बंद करा,” ती मला म्हणाली. “प्लीज. ताबडतोब.”

आजी आपोआपच थांबल्या. मी मुलीच्या मागे किचनमध्ये गेले. तिनं किटलीत पाणी भरलं, पण किटली चालू केली नाही.

“ही ओरिकी आहे,” ती म्हणाली. “स्तुती. आमच्या घराण्याची, आईच्या बाजूची. कुठल्या बाया होऊन गेल्या, त्यांनी काय केलं, त्यांना काय म्हणत. माझी आई रोज सकाळी म्हणायची.”

“मग ती बंद का करायची?”

“तुम्हाला ‘आजे’ शब्द माहीत आहे?”

मी नाही म्हटलं.

“डिक्शनरीत बघाल तर ‘विच’ असं लिहिलेलं सापडेल. आमच्या चर्चमध्ये या शब्दानं लोक थरथरतात. कुणाचं मूल दगावलं, कुणाचा धंदा बुडाला की घरातली एखादी म्हातारी शोधतात. आणि मी लहान असताना शाळेत मुली मला आजेची पोर म्हणायच्या.”

मग तिनं मला ती गोष्ट सांगितली. ती दहा-अकरा वर्षांची असताना बाजाराचा एक भाग पाडायला माणसं बुलडोझर घेऊन आली. बायका ओरडल्या, रडल्या, काही उपयोग झाला नाही. तेव्हा तिची आई पुढे झाली. तिनं डोक्याचा फेटा सोडला आणि त्या यंत्रासमोर, धुळीत, दोन्ही गुडघे टेकले.

“आमच्यात धाकट्या बायका थोरांपुढे गुडघे टेकतात,” मुलगी म्हणाली. “रोजचा नमस्कारच तो. थोर बाई धाकट्यापुढे टेकत नाही. कधीच नाही. टेकले, तर तो नमस्कार नसतो.”

“मग काय असतं?”

“बाई बाळंत होताना गुडघ्यांवर बसायची, पूर्वी. त्याला इकुन्ले म्हणतात, आईचं गुडघे टेकणं. आई आपले गुडघे टेकून काही मागते तेव्हा ती म्हणत असते, ज्या गुडघ्यांवर मी तुला जगात आणलं त्यांची आण. त्याच्यापुढे काहीही चालत नाही. ती आण जो मोडेल त्याला जागा उरत नाही, कारण जगात असा कोण आहे जो कुणा आईच्या गुडघ्यांतून आला नाही? माझी आई एवढंच म्हणाली त्या ड्रायव्हरला. तो अगदी पोरसवदा होता. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तिच्यासमोर पालथा पडला. आमचे पुरुष तसा नमस्कार करतात, पूर्ण आडवे. तो उठेच ना. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा उठला.”

त्या दिवशी बाजार वाचला. पुढे जागा बदलून मिळाली, मगच जुना पाडला गेला. पण गावात बोलणं सुरू झालं: साधी बाई हे करू शकत नाही, ही आजे आहे. मुलगी रडत शाळेतून घरी आली. आई कापड मोजत होती. तिनं मुलीला समोर बसवलं आणि एक जुनी गोष्ट सांगितली. सगळे पुरुष देव पृथ्वी घडवायला खाली आले. त्यांच्याबरोबर एकच देवी होती, गोड्या पाण्याची, नदीची. तिला त्यांनी विचारलंच नाही, सल्ल्याला बोलावलंच नाही. त्यांनी पेरलं ते उगवेना, मागितला तो पाऊस पडेना, बायकांना मुलं होईनात. घाबरून ते थोरल्या देवाकडे गेले. त्यानं एवढंच विचारलं, तुमच्यात जी बाई होती, तिला विचारलंत का? ते परत आले, त्यांनी तिची माफी मागितली, आणि मग पाणी वाहायला लागलं.

“ती म्हणाली, तेच आजे. जे असल्याशिवाय काही उगवत नाही ते. आम्ही एरवी तो शब्द उच्चारतही नाही, ‘आपल्या आया’ म्हणतो. त्यांच्यात देण्याची ताकद आहे म्हणूनच रोखून धरण्याचीही आहे. लोक घाबरतात ते त्या रोखण्याला.” मुलीनं डोळे पुसले. “मला सगळं माहीत होतं. पण मी इथे एकटीनं मुलगी वाढवली, चर्चनं मला आधार दिला, आणि तिथे हे बोलायची सोय नव्हती. मग सवयच लागली.”

चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांच्या बातम्या मी माझ्या भाषेतही वाचल्या होत्या. मी जे सुचलं ते बोलले. “माझ्या भाषेत ‘आजे’ नात्याला लावतात. नवऱ्याची आजी ती आजेसासू, त्याचे आजोबा ते आजेसासरे. घरातलं जे सगळ्यात थोरलं त्याच्या नावात ‘आजे’ येतं. शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नसणार. तरी सांगते.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आजे,” ती माझ्या सुरात म्हणाली, मग तिच्या सुरात, “आजे.” आणि किटली चालू करायला वळली.

पुढच्या वेळी गेले तेव्हा ती आईशेजारी स्टूल घेऊन बसली होती. तिनं सुट्टी घेतली होती. “सुरू करा,” मला म्हणाली, पण सुरू मला करायचं नव्हतंच. नातीनं आजींचा हात पोटावर ठेवला आणि ओरिकी सुरू झाली. मुलगी एकेक ओळ इंग्रजीत सांगत होती. निळीच्या हौदात हात घालणाऱ्यांची लेक. हात निळे ते निळेच राहिले, कफनात गुंडाळलं तरी निळे. नदीला पूर आला तेव्हा जिनं भावांना पाठीवर घेतलं तिची नात. जिच्या दुकानाच्या सावलीत परक्यानं पाणी प्यावं तिची लेक. मग एक छोटा, एकाच शब्दाचा तुकडा आला आणि मुलगी गप्प झाली.

“काय म्हणाल्या?”

“ते माझं आहे,” ती म्हणाली. “प्रत्येक मुलीला तिचं एक लाडाचं स्तुतीनाव असतं. आई-आजीशिवाय ते कुणी घेत नाही. माझ्याचा अर्थ, जिला नवसानं मागून घेतलं आणि आता लाडच करायचे, ती.” तिनं आईकडे बघितलं. “स्ट्रोकनंतर तिनं मला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती.”

आणि ती पन्नाशीची, कडक शिस्तीची शिक्षिका स्टुलावरून उतरली आणि तिनं आईसमोर कार्पेटवर दोन्ही गुडघे टेकले. आजींनी हात नातीच्या पोटावरून काढून लेकीच्या डोक्यावर ठेवला, मग परत पोटावर नेला, आणि एक शेवटची ओळ म्हणाल्या. ती ओरिकीतली नव्हती. गरोदर बाईला देतात तो आशीर्वाद होता. मुलीनं मला त्याचा अर्थ सांगितला: आईचा आवाज आम्हाला ऐकू येवो, बाळाचा आवाज आम्हाला ऐकू येवो.

हातीपायी सुटका होऊ दे, म्हणतो आपण. त्यांच्याकडे दोन आवाज मागतात. आयुष्यभर माणसांच्या आवाजामागे धावलेल्या मला हा आशीर्वाद कुणी आधी का दिला नाही असं वाटलं. तिघी एकदमच म्हणाल्या, “आशे.” मीही म्हणाले. सूर बरोबर होता की नाही कोण जाणे.

नातीचं बाळंतपण अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन करायचं ठरलं. मुलगी आणि नातजावई हॉस्पिटलमध्ये होते, आजींजवळ शेजारीण बसली होती. माझी त्या दिवशी ठरलेली भेट होती. मी फोन करून विचारलं, रद्द करू का? मुलगी म्हणाली, “नको, या. तुम्ही असलात तर बरं.”

मी पोचले तेव्हा आजी फेटा बांधून, ताठ बसल्या होत्या. शेजारणीनं सांगितलं, सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. आम्ही फोन टेबलावर ठेवून बसलो. कार्डं मी बॅगेतून काढलीच नाहीत. बऱ्याच वेळानं फोन वाजला. मी स्पीकर लावला.

“मामा.” नातीचा आवाज, थकलेला, पण तिचाच. “मामा, मी ठीक आहे. मुलगी झाली.”

शेजारणीनं टाळ्या वाजवल्या. मी आजींचा हात धरला. पण आजी हसल्या नाहीत. त्या फोनकडे वाकल्या. त्यांचे ओठ हलत होते, शब्द शोधत होते, ते मला इतक्या वर्षांच्या कामानं नीट ओळखता येतं. ‘आशे’ ओठांवर आला होता. त्यांनी तो मागे ढकलला. मग त्या म्हणाल्या, “ओमो?”

ओमो म्हणजे बाळ. तो प्रश्न होता. चालीवरचा नव्हता, पाठ केलेला नव्हता. स्वतःहून शोधून काढलेला, नेमका, जागच्या जागी बसणारा प्रश्न.

मग पलीकडे आजींच्या मुलीनं फोन घेतला. ती योरुबात बोलली आणि नंतर माझ्यासाठी इंग्रजीत. बाळाला श्वास घ्यायला जरा वेळ लागला होता. डॉक्टरांनी बाजूला नेलं आहे. बरी आहे म्हणतात, पण अजून इकडे आणलेली नाही.

“ओमो,” आजी पुन्हा म्हणाल्या. या वेळी तो प्रश्न नव्हता. त्यांनी डावा हात उचलला आणि तो तसाच वर धरून ठेवला, मला सूर शिकवताना धरायच्या तसा. मी फोन बंद करायला गेले तर मान हलवून मला थांबवलं. शेजारीण प्रार्थना पुटपुटत होती. तिकडून चाकांचे आवाज, कुणाचं तरी बोलणं, दार. हात खाली येत नव्हता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग पलीकडे एक बारीक, चिडका, खरखरीत आवाज फुटला. आधी तुटक, मग सलग, मग चांगला टाहो. आजींनी हात खाली घेतला आणि पाणी मागितलं. म्हणजे पेल्याकडे बोट दाखवलं. ‘पाणी’ हा शब्द काही आला नाही.

संध्याकाळी मुलगी परत आली तेव्हा मी अजून तिथेच होते. त्यांच्याकडे बाळंतिणीचं अभिनंदन करताना म्हणतात, ‘धोक्यातून पार पडलीस, तुला नमस्कार.’ ते तिनं मला सांगितलं, कारण जाताना मला नातीसाठी मेसेज ठेवायचा होता. आपण नाही का म्हणत, बाई सुटली. दोन्ही भाषांना ठाऊक आहे, काय टळलं ते.

नाव ठेवायचा कार्यक्रम आठव्या दिवशी घरीच झाला. मला आणि शेजारणीला बोलावलं होतं. नात सोफ्यावर, कुशीत बाळ. ताटलीत मध, मीठ, पाणी. एकेक बोट बाळाच्या ओठांना लावायचं आणि आशीर्वाद द्यायचा: मधासारखं गोड आयुष्य, पाण्याला जसा कुणी शत्रू नसतो तसं निर्वैर. नाव घरातल्या सगळ्यात थोर माणसानं उच्चारायचं असतं. आणि नावं, हे मी मुलीला आधीच समजावलं होतं, या आजारात सगळ्यात अवघड. बाकी काहीबाही येईल, नाव येत नाही.

“मामा, मी सांगू का तुझ्या वतीनं?” मुलीनं विचारलं.

आजींनी तिच्याकडे जी नजर टाकली ती बाजाराच्या आईची होती. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, अर्थात नातीनं धरूनच. मग ओरिकी सुरू केली. निळीचे हौद, नदीचा पूर, दुकानाची सावली. एक बाई, तिची लेक, तिची लेक. मला आता काही काही ओळी ओळखता येत होत्या. आजींच्या लेकीचं लाडाचं नाव आलं. मग नातीचं आलं. तिनं ते जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि तोंडावर हात धरला. त्याच वेगात, त्याच सुरात, न थांबता, पुढच्या पायरीवर पाय पडावा तसं पुढचं नाव आलं. बाळाचं. या जगात त्या क्षणाआधी कुणीही न उच्चारलेलं.

नातजावई पालथा पडून नमस्कार करत होता, त्याच्या सुटाला कार्पेटचे धागे लागले होते. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

निघताना मी आजींच्या पाया पडले. आमच्याकडची रीत, हात पायांना लावला. त्यांना ती ठाऊक नव्हती. माझं काहीतरी खाली पडलंय असं वाटून त्या खुर्चीखाली वाकून शोधायला लागल्या, आणि नात सांगेपर्यंत शोधत राहिल्या.

आजींचं बोलणं पुढे फारसं वाढलं नाही. ओमो, इया, अजून मोजके शब्द आले. चहा आणि किल्ली हे शब्द माझ्या शेवटच्या भेटीपर्यंत आले नाहीत. माझ्या भेटी संपल्या. मुलगी मधूनमधून फोन करते. आता ती रोज शाळेत जायच्या आधी बाळाला मांडीवर घेऊन ओरिकी म्हणते, आणि आजी समोर बसून तिचे सूर दुरुस्त करतात. परवा मागून बाळाचं हुंकारणं ऐकू येत होतं. मी विचारलं, “काही बोलायला लागली का?”

“शब्द नाहीत अजून,” ती म्हणाली. “पण सूर बरोबर आहेत.”